घरच्या पडवीत स्वयंपाकाची सुरी: कमानीचा पाटा वापरावा की नवी पट्टी आणावी?

तापीकाठचा
स्वयंपाकघरात वापरायची सुरी घरीच करायची आहे. मागच्या पडवीत बेंच वाईस, चार इंची अँगल ग्राइंडर, ड्रिल मशीन आणि तीन-चार कानशी आहेत. ऐरण नाही, भाता नाही. भंगारातून ट्रॉलीच्या कमानीचा (चाकांवरच्या स्प्रिंगचा) पाटा मिळालाय, जाडी ८ मिमी. पातं हवंय ७ इंची. काम भाजीचं: कांदा, मिरची, वांगी, कच्ची केळी, केळफूल. हाडं फोडायची नाहीत.
प्रश्न तीन. पातं या पाट्यातून काढावं की नवी पट्टी घ्यावी? पाणी (म्हणजे पातं लाल तापवून बुडवून कडक करणं) कशात द्यावं: साध्या पाण्यात, शेंगदाणा तेलात की जुन्या इंजिन ऑइलमध्ये? आणि मुठीला लाकूड कोणतं? "बाजारात दोनशे रुपयांत मिळते" हे उत्तर मला माहीत आहे, ते सोडून बोला.

कानसवाला
८ मिमीच्या पाट्यातून ऐरणीशिवाय भाजीची सुरी करू नका. अशा सुरीची पाठ दोन ते अडीच मिमी पुरते. ८ वरून अडीचवर यायचं म्हणजे दोन-तृतीयांशाहून जास्त पोलादाचा भुसा करायचा, आणि तोही चार इंची ग्राइंडरनं. डिस्का संपतील, हात बधिर होतील आणि एवढं करून दोन्ही बाजू एका पातळीत येणार नाहीत. घासूनच करायची तर ३ मिमीची पट्टी घ्या.

भरीतप्रेमी
वांग्याला सुरी? वांगं काटक्यांवर भाजायचं, बडगीत घोटायचं. सुरीचा संबंध येतोच कुठं?

धुळेकर_अण्णा
कानसवाल्यांचा हिशेब बरोबर, पण पाटा लगेच भंगारात परत कशाला द्यायचा? लोहाराकडे न्या. एवढंच सांगा: "४ मिमीपर्यंत ओढून दे, सरळ करून दे, पाणी देऊ नको." मजुरी किरकोळ. पुढचा आकार आणि घासकाम घरी. पाटा वाकडा असतो, तो तापवल्याशिवाय सरळ होत नाही, म्हणजे भट्टीला गाठ पडणारच आहे. लोहारानं दिलेली पट्टी एकदा लाल करून कोरड्या राखेत पुरून ठेवा, रात्रभर सावकाश निवू द्या. मग कानस लागते. हे केलं नाही तर ड्रिलचं बिट जळतं आणि लोक दोष ड्रिलला देतात.

सातपुडा७
पण पाणी साध्या पाण्यातच द्यायचं ना? विळे-कोयते सगळे तसेच होतात. दगडी कुंडीत पाणी असतं, त्यात चर्रकन बुडवतात. तेलाचे लाड कशाला?

जुनी_मेटलर्जी
सातपुडा, लोहार अख्खं पातं बुडवत नाही, तिथं फरक आहे. तो फक्त धारेकडची बोटभर रुंदी बुडवतो, बाहेर काढतो, विटेवर घासून धार चकचकीत करतो आणि थांबतो. पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकते. चकचकीत भागावर आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. विळ्याला तपकिरी-जांभळ्यावर तो पुन्हा बुडवतो. म्हणजे पाणी आणि टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेतानं तापवणं) एकाच तावात. त्यातही पातं जाड, आणि गावठी विळ्याचं पोलाद पुष्कळदा कमी कार्बनचं, म्हणून ते पाणी सोसतं.

कमानीचं पोलाद वेगळं. आपल्याकडे हे पाटे बहुधा सिलिकॉन-मँगनीजच्या जातीचे, बाजारात ईएन-४५ म्हणतात ते, किंवा क्रोमियमच्या जातीचे असतात. दोन्हींत कार्बन साधारण ०.५ ते ०.६५ टक्के. दोन्ही तेलात कडक होतात. पातळ पातं पाण्यात घातलं तर वरचा थर आणि आतला भाग वेगवेगळ्या वेगानं आकसतात, बारीक "टिंग" आवाज येतो आणि धारेपासून पाठीकडे चीर जाते. ती चीर बुजत नाही. पातं गेलं.

तेल शेंगदाण्याचं चालतं. कारणं तीन: भडकायला बरंच तापावं लागतं, धूर कमी, आणि घरात मिळतं. जुनं इंजिन ऑइल नको. त्यात जळके अवशेष, धातूचे कण, डिटर्जंटची मिसळणी असते, तो धूर छातीत जातो आणि निवण्याचा वेग दर डब्याला वेगळा. तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करून घ्या. थंड तेल दाट असतं, पात्याला बिलगलेला वाफेचा थर लवकर फुटत नाही आणि पातं काही ठिकाणी मऊ राहतं.

पिंप्राळ्याचा_पोऱ्या
शेंगदाणा तेलाचा भाव पाहता सुरी सोन्याची पडेल भो.

जुनी_मेटलर्जी
अडीच-तीन लिटर पुरतं आणि गाळून वर्षानुवर्षं वापरता येतं. १० सेमी व्यासाचा, ४० सेमी उंचीचा लोखंडी पाइप घ्या, तळाला पत्रा वेल्ड करा, रुंद पाया द्या म्हणजे कलंडणार नाही. वर बसणारं झाकण हवंच. तेलानं पेट घेतला तर झाकण टाकायचं. पाणी ओतलंत तर पडवी जाईल. प्लॅस्टिकची बादली कोणी सुचवेल, ऐकू नका.

वखारवाला
या सगळ्या भट्टीप्रकरणातून सुटायचा एक मार्ग आहे. पॉवर हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या यंत्रकरवतीचं, जुनं पातं. फॅब्रिकेशनवाल्याकडे दात झिजलेली पाती पडलेली असतात, जाडी साधारण २ मिमी. त्यातलं अख्खं हायस्पीड स्टीलचं पातं निवडा. ते आधीच कडक असतं आणि कारखान्यात साडेपाचशे अंशांच्या आसपास टेम्पर केलेलं असतं, त्यामुळे ग्राइंडरखाली निळं पडलं तरी धार मऊ पडत नाही. आकार कापा, धार काढा, मूठ बसवा. झालं.

अडचणी दोन. एक, ते काचेसारखं तुटतं. जमिनीवर पडलं तर टोक गेलंच समजा, नारळ-हाडाच्या जवळ नेऊ नका. दोन, त्यात साध्या बिटनं भोक पडत नाही. टोकाला मुळातलं एक भोक असतं ते एका रिव्हेटला वापरा, मागच्या कडांना ग्राइंडरनं तीन-चार खाचा पाडा, ईपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा गोंद) त्या खाचांत धरतं.

कानसवाला
वखारवाल्यांना अनुमोदन, पण घेताना पारखा. हल्लीची बरीच पाती बायमेटल: दातांची कड हायस्पीडची आणि बाकी पाठ मऊ स्प्रिंग पोलादाची. अशातून सुरी केली आणि दात घासून टाकले तर कडक भागच गेला. ओळखायला पाठीच्या कडेला कानस लावा. कानस चावली तर बायमेटल, नुसती घसरली तर अख्खं कडक. ग्राइंडरवर ठिणगीही बघा. हायस्पीडची ठिणगी मंद, लालसर-नारिंगी, थोडी आणि न फुटणारी. कार्बन पोलादाची पिवळी-पांढरी, टोकाला फुलबाजीगत फुटते.

भुसावळ_यार्ड
कमानीच्या पाट्यापेक्षा रुळाची क्लिप घ्या की. वाकडी जाड सळई असते ती, स्प्रिंग पोलाद असतं, आमच्या बाजूला...

धुळेकर_अण्णा
भाऊ, तिथंच थांबा. रेल्वेचा माल जवळ सापडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, १९६६ चा कायदा आहे त्यासाठी. कुठून मिळाली ते नीट सांगता आलं नाही तर सुरी राहील बाजूला. आणि रुळाचे जुने खिळे तर सुरीला निरुपयोगीच, कार्बन कमी, पाणी धरत नाही. लोक व्हिडिओसाठी करतात, शोभेला ठीक.

रावेरची_रेवा
कायद्याचा विषय निघालाच आहे तर: घरी पातं करणं चालतं का?

धुळेकर_अण्णा
ताई, १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. ७ इंची भाजीची सुरी त्यात येत नाही. जपायचं ते वेगळ्या गोष्टीला. सणासुदीत, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. तेव्हा नवी सुरी मित्राला दाखवायला खिशात घालून चौकात जाऊ नका. जंबिया, कट्यार असले आकार तर करूच नका.

तापीकाठचा
उत्तम माहिती. ८ मिमीचा पाटा बाद. हॅक्सॉचं पातं मोहात पाडतंय, पण पाणी देणं शिकायचंच आहे. ईएन-४५ ची ३ मिमी पट्टी घेतली तर भट्टी कशी करू आणि किती तापवू? चुंबक चिकटेनासं झालं की बुडवायचं, एवढंच ऐकून आहे.

जुनी_मेटलर्जी
पट्टी घ्याच. नव्या पट्टीची जात माहीत असते, भंगारातल्या पाट्याची नसते, आणि वापरलेल्या कमानीत वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनी केसासारख्या चिरा असू शकतात. त्या पाणी दिल्यावरच दिसतात. पाट्यातून करायचीच असेल त्यानं आधी बोटभर तुकडा कापून तापवून तेलात टाकावा आणि वाइसमध्ये धरून मोडावा. मोडलेल्या तोंडावर करडा, मखमली बारीक दाणा दिसला तर ताव बरोबर. साखरेसारखा चमचमता दाणा दिसला तर ताव जास्त झाला. मोडण्याऐवजी वाकला तर ताव कमी पडला किंवा पोलादच कामाचं नाही.

आता चुंबकाचं. साधारण ७७० अंशांना चुंबक सोडतं. साध्या कार्बन पोलादाला तिथून थोडं वर गेलं की पुरतं. पण ईएन-४५ मध्ये दीड ते दोन टक्के सिलिकॉन असतं आणि सिलिकॉनमुळे लागणारं तापमान वर सरकतं. याला ८७० ते ९०० लागतात. चुंबक सुटल्या सुटल्या बुडवलं तर कानस चावते आणि मग मंडळी तेलाला शिव्या देतात. वाटेतली एक खूण हवी असेल तर खायचं मीठ ८०१ अंशांना वितळतं. नमुन्याच्या तुकड्यावर चार दाणे टाका. ते पाणी होऊन चकाकले की त्या वेळचा रंग डोळ्यांत साठवा, मग रंग लाल-नारिंगीकडे आणखी एक पायरी वर जाऊ द्या. हे काम तिन्हीसांजेला, सावलीत. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात ९०० अंशांचं पोलादही थंड वाटतं.

पिंप्राळ्याचा_पोऱ्या
बठ्ठं समजनं भो, पन मीठ कितलं टाकानं? चवीपुरतं?

जुनी_मेटलर्जी
चवीपुरतंच. आणि नंतर तुकडा धुवा, मीठ राहिलं तर दुसऱ्या दिवशी गंज. :)

कानसवाला
भट्टीचं मी सांगतो. सहा-आठ फायर ब्रिक घ्या, साधी वीट तडकते. विटांचा खड्डा करा, १० सेमी रुंद आणि पात्यापेक्षा हातभर लांब. तळाला एक इंची पाइप, त्याला वरच्या बाजूनं दर ३ सेमीवर ६ मिमीचं भोक, एक टोक बंद, दुसऱ्याला जुना हेअर ड्रायर. पाइप काळा घ्या. जी.आय. पाइपवरचं जस्त जळतं आणि त्या धुरानं ताप भरतो. कोळसा बाभळीचा, दगडी नको. पातं सारखं मागे-पुढे हलवत राहायचं, नाहीतर टोक पातळ असल्यानं आधी पांढरं होऊन जळतं. घरच्या गॅस सिलिंडरवर बर्नर जोडायचा विचार असेल तर सोडा, तो नियमात बसत नाही.

आणि पाणी देण्याआधी काय-काय उरकायचं ते: बाहेरचा आकार पूर्ण, मुठीची भोकं पाडलेली, दोन्ही उतार कानशीनं काढलेले, पण धारेची जाडी १ मिमी ठेवलेली. धार आधीच पातळ केली तर ती तेलात लाटेसारखी वळते. आडव्या कानशीचे ओरखडे १२० च्या पॉलिश पेपरनं लांबीच्या दिशेनं काढून टाका. खोल ओरखडा म्हणजे चिरेला आयती वाट.

बुडवताना टोक खाली, सरळ. तेलात वर-खाली किंवा धार-पाठ दिशेनं हलवा. डावी-उजवीकडे हलवलं की एक बाजू आधी निवते आणि पातं केळीच्या फण्यासारखं वळतं.

रावेरची_रेवा
केळीचा इथं आदर ठेवा.

सातपुडा७
कानस घसरली तर कडक, चावली तर मऊ, बरोबर? मग लगेच धार लावायची?

जुनी_मेटलर्जी
दोन दुरुस्त्या. सिलिकॉनच्या पोलादाचा वरचा थर भट्टीत कार्बन गमावतो. त्यामुळे कानस वरवर चावते आणि पातं मऊ राहिलं असं वाटतं. आधी कागदाच्या जाडीएवढा थर घासून काढा, मग तपासा.

दुसरं, लगेच धार नाही, लगेच टेम्परिंग. तेलातून निघालेलं पातं ठिसूळ असतं आणि आतून ताणलेलं. हाताला सोसेल एवढं निवलं की तासाभरात ओव्हनमध्ये. घरचा ओटीजी चालतो. भाजीच्या सुरीला २०० अंश, दोन तास, बाहेर काढून निवू द्या, पुन्हा दोन तास. ओटीजीचा काटा वीस-तीस अंश सहज खोटं बोलतो, म्हणून आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवा आणि पातं वाळूच्या ट्रेमध्ये पुरा, म्हणजे कॉइल चालू-बंद होताना चढउतार पात्याला लागत नाहीत. आधी तेल पुसा, नाहीतर पुढचे आठ दिवस नानकटाईला शेंगदाण्याचा जळका वास. घासून चकचकीत केलेल्या जागी फिकट गवती पिवळा रंग आला पाहिजे. कोयता असता तर २५० च्या पुढे नेला असता. त्याला धार टिकण्यापेक्षा न तुटणं महत्त्वाचं.

कानसवाला
आणि त्यानंतरचं घासकाम उघड्या हातानं, शेजारी पाण्याची बादली. बोटाला चटका बसायच्या आत बुडवा. धारेवर निळा डाग आला तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. तो भाग घासून मागे सरकणं किंवा सगळं पुन्हा पहिल्यापासून, तिसरा उपाय नाही. ग्राइंडरचं गार्ड काढू नका, चेहऱ्यावर शील्ड, नाकाला एन-९५. ड्रिलवरही हातमोजे नको, बिट मोज्यासकट बोट ओढतं.

वखारवाला
मूठ राहिली. आपल्या भागातलं अंजन घ्या, मिळालं तर जुन्या घराच्या तुळईतलं. इतकं जड की पाण्यात बुडतं. घासायला जीव जातो, पण एकदा चकाकलं की पाहत राहावं. धावडाही चांगला, कुऱ्हाडीच्या दांड्याला चालतो तो इथं चालणारच. शिसम सगळ्यात सोपं. सागवान हलकं आणि तेलकट, ईपॉक्सी लावायच्या आधी ॲसिटोननं पुसावं लागतं. ओलं लाकूड कुठलंच नको. खानदेशात पावसाळ्यात फुगतं, एप्रिलमध्ये आकसतं आणि पोलादाची कड मुठीच्या बाहेर येऊन तळव्याला लागते.

दोन्ही बाजूंच्या फळ्या १० मिमी जाड घ्या, तयार झाल्यावर सगळी मूठ १८ ते २० मिमी उरते. चिकटणारे पृष्ठभाग ६० नंबरच्या कागदानं खरखरीत करा. गुळगुळीत पोलादावरचं ईपॉक्सी पापुद्र्यासारखं सुटतं. क्लॅम्प बेताचा आवळा. करकचून आवळला की ईपॉक्सी सगळं बाहेर येतं आणि आत काहीच उरत नाही. चोवीस तास हात लावू नका. पाच मिनिटांत सुकणारं नको, सावकाश सुकणारं घ्या. त्यातही ४४ अंशांच्या दुपारी सावकाशवालंही बघता बघता दाटतं, म्हणून सकाळी सहाला कालवा. शेवटी जवसाचं तेल, पातळ हात, प्रत्येक हातानंतर पुसून एक दिवस सुकवा. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटते. उलगडून वाळत घाला.

रावेरची_रेवा
केळफुलाचं कोणी बोललंच नाही. कार्बन पोलादाची सुरी केळफुलाला आणि कच्च्या केळीला लावली की पातं काळं आणि केळफूलही काळं. चीक चिकटतो तो पाण्यानं जात नाही. पात्याला आधी तेलाचं बोट लावा, चिकाला तेलच लागतं. कापून झालं की लगेच धुऊन कोरडं पुसायचं, ओट्यावर ओलं ठेवलं तर चहा होईस्तोवर गंजाचे ठिपके.

जुनी_मेटलर्जी
रेवाताईंचं खरं. पातं मुद्दाम आधीच काळवंडून घेता येतं. स्वच्छ धुऊन कोमट व्हिनेगरमध्ये अर्धा तास, मग सोड्याच्या पाण्यानं धुवायचं. करडा थर बसतो, पुढचे डाग त्यात मिसळून जातात आणि गंज हळू लागतो. महिनाभर ठेवून द्यायची असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन लावा. खायचं तेल चिकट होऊन बसतं.

भरीतप्रेमी
धारेचा कोन? की तेही चवीपुरतं?

कानसवाला
भाजीला प्रत्येक बाजूनं १५ अंश. पात्याची रुंदी ४० मिमी असेल तर पाठ दगडापासून साधारण १० मिमी उचलली की १५ अंश होतात. पट्टीनं मोजा, अंदाज नको. दगड आधी ४०० चा, मग १००० चा. एका बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूला नखाला अडणारी बारीक कोर लांबीभर आली की बाजू बदला. ती कोर टोकापासून मुठीपर्यंत आली नसेल तर पुढच्या दगडावर जाण्यात अर्थ नाही. तिथंच बहुतेकांची धार अडते. आणि दगडावर जाण्याआधी धारेमागची जाडी ०.३ मिमीपर्यंत उतरलेली हवी, नाहीतर सुरी कांदा कापत नाही, फोडते.

तापीकाठचा
ठरलं. ईएन-४५, ३ मिमी, शेंगदाणा तेल, ओटीजीत २०० ला दोनदा, अंजनाची मूठ. पाटा अण्णांच्या सल्ल्यानं लोहाराकडे, त्याचा विळा होईल. शेवटच्या दोन शंका. तेलातून काढल्यावर वाकलं तर? आणि मुठीच्या रिव्हेटसाठी ५ मिमीच्या पितळी सळईला भोक किती?

जुनी_मेटलर्जी
तेलातून काढल्यावर काही सेकंद मिळतात. पातं दोनशेच्या वर असेपर्यंत जाड चामडी मोजे घालून दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबा. ते हुकलं तर थंडपणी ठोकू नका, तुटेल. टेम्परिंगच्या दुसऱ्या फेरीत जाड लोखंडी पट्टीला क्लॅम्पनं आवळा, पोटाखाली नाणं ठेवून उलट्या बाजूला जरा जास्त वाकवा. दोन तासांनी बरंचसं सरळ येतं.

वखारवाला
सळई आधी विकत आणा, मग भोक पाडा. दुकानातली "पाच"ची सळई ४.९ ही निघते आणि ५.१ ही. कॅलिपरनं मोजून त्याहून ०.१ मिमी मोठं बिट. पोलादातलं भोक पाणी द्यायच्या आधी, लाकडातलं नंतर, पोलादाच्याच भोकातून. सळईची टोकं ठोकून पसरवायची असतील तर हातोडीचे हलके ठोके. अंजन कडक असलं तरी भोकाच्या कडेला चिरतं.